पाठराखण

पुस्तकाच्या मलपृष्ठावर जो मजकूर छापतात त्याला मराठी प्रकाशनात पाठराखण म्हणतात. शब्द ऐकला की पाठराखीण आठवते. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत एखादी मावशी, आत्या नाहीतर करवली जायची. दोन-चार दिवस राहायची, नवरी रुळली की परत यायची. पुढचं नवरीनं बघायचं. पहिल्या कथासंग्रहासाठी किंवा पहिल्या कादंबरीसाठी मलपृष्ठावरचे सव्वाशे-दीडशे शब्द एवढंच करू शकतात. त्याहून जास्त करायला गेले की बिघडतं.

नवी लेखिका वाचकाला पुस्तकाच्या आधी चार ठिकाणी भेटते: मलपृष्ठ, आतल्या फ्लॅपवरचा परिचय, मनोगत आणि प्रकाशनाच्या दिवशी माइकसमोरची पाच मिनिटं. हे चारही मजकूर बहुधा घाईत होतात. कादंबरीवर चार-पाच वर्षं गेलेली असतात, एकेका प्रकरणाचे पाच-सहा खर्डे झालेले असतात, आणि मुखपृष्ठ छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी निरोप येतो की परिचय आणि फोटो लगेच पाठवा. मग अर्ध्या तासात काहीतरी लिहून जातं आणि ते पुढची वीस वर्षं पुस्तकाला चिकटून राहतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक पुस्तक डोळ्यांसमोर धरू. ते कल्पित आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळी करणाऱ्या एका बाईची कादंबरी, एकाच गाळप हंगामातली. खिडकीसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग. आधी भरल्या गाडीचं वजन, गव्हाणीवर ऊस उतरला की रिकाम्या गाडीचं, आणि दोन्हींतला फरक पावतीवर. बाहेर शेकोटीभोवती ऊसतोडीच्या टोळ्या, मुकादम, उचलीचे हिशेब, आणि कोयता म्हणजे हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी हे गृहीत धरून चाललेली बोलणी. लेखिका पस्तिशीच्या आसपासची आणि हे तिचं पहिलंच पुस्तक.

तिनं घाईत लिहिलेला परिचय साधारण असा असेल: ‘लेखिका उच्चशिक्षित असून गेली अनेक वर्षे सहकार क्षेत्रात कार्यरत आहेत. लहानपणापासून वाचन व लेखनाची आवड. विविध नियतकालिकांतून कथा व कविता प्रसिद्ध. अनेक पुरस्कारांनी सन्मानित. संगीत, प्रवास व बागकाम हे छंद. पती व मुलांच्या पाठिंब्यामुळे हे पुस्तक साकार झाले.’

यात खोटं काही नाही. पण गाव नाही, साल नाही, एकाही अंकाचं नाव नाही. हा मजकूर उचलून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकावर ठेवला तरी चालेल, आणि परिचय फसला हे ओळखायची तीच खूण. ‘अनेक’ आणि ‘विविध’ हे शब्द आकडा लपवायला वापरतात हे वाचकाला कळतं. सात कथा छापून आल्या असतील तर सात लिहावं; सात हा आकडा लहान नाही. पती-मुलांची ओळ मनापासूनची असते, पण तिची जागा ऋणनिर्देशात आहे. पुरुष लेखकांच्या फ्लॅपवर ती सहसा दिसत नाही, बायकांच्या फ्लॅपवर दिसते. लिहायची परवानगी मिळाली होती असा दाखला जोडल्यासारखी ती वाचली जाते.

तोच परिचय असा होऊ शकतो: ‘जन्म १९९०, माळशिरस तालुक्यात. वाणिज्य शाखेची पदवी. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नऊ हंगाम नोकरी. २०१६ पासून दिवाळी अंकांतून सात कथा प्रसिद्ध. सध्या बारामतीत वास्तव्य. ही पहिली कादंबरी.’

तीसेक शब्द आहेत, आणि त्यातलं सगळं काम ‘नऊ हंगाम’ हे दोन शब्द करतात. बाहेरचा माणूस नऊ वर्षं म्हणेल. कारखान्यात वय हंगामात मोजतात, आणि हे जिला ठाऊक आहे तिच्या काट्यावर वाचक विश्वास ठेवतो. परिचयात असा एकच शब्द लागतो, तिच्या कामाच्या जागेवरून आलेला. तो सापडत नसेल तर कादंबरीच्या हस्तलिखितात शोधावा. तिथे तो नक्की असतो, कारण त्याच्याशिवाय ती लिहिलीच गेली नसती.

मात्र याच नेमकेपणातून दुसरा प्रश्न उभा राहतो. शेतकी विभागात नऊ हंगाम म्हटलं की वाचक म्हणतो, म्हणजे ही हिचीच गोष्ट. पुरुषाच्या कादंबरीतला नायक वाचकाला पिढीचा प्रतिनिधी वाटतो. बाईच्या कादंबरीतली नायिका म्हणजे ती स्वतः, तिचा नवरा, तिची सासू. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर असं छापलेलं होतं. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या मुलींची घुसमट त्या कथांनी उघड्यावर आणली, आणि कथांइतकीच चर्चा या नावामागे कोण दडलंय याची झाली. ते नाव होतं मालती बेडेकरांचं, तेव्हाच्या बाळूताई खरे यांचं. परिचयाची जागा कोरी ठेवली तरी वाचक ती आपल्या मनानं भरून काढतो, हे तेव्हाच दिसलं होतं. नव्वद वर्षं उलटली तरी प्रकाशन समारंभात चहाच्या वेळी हलक्या आवाजात हाच प्रश्न येतो: ‘हे तुमच्याच बाबतीत घडलंय का हो?’

या प्रश्नावर रागावून उपयोग नाही, आणि ‘सगळं काल्पनिक आहे’ हे उत्तर कुणी खरं मानत नाही. उत्तर आधीच ठरवून ठेवावं आणि ते सामग्रीबद्दल असावं: ‘काट्याची खिडकी माझी आहे. खिडकीतली बाई मी रचली.’ मग विचारणाऱ्याला पुढे बोलायला खिडकी मिळते. रात्री दोनला काटा शून्यावर कसा आणतात, चाकाला चिखल लागलेला असेल तर रिकाम्या वजनात काय फरक पडतो, असं बोलणं सुरू होतं, आणि कादंबरी ज्या मातीतून आली त्या मातीवर सगळे येतात. परिचयात काय सांगायचं आणि काय नाही, याचीही रेघ मला इथेच ओढावीशी वाटते. काम आणि जागा सांगावी. दुःख सांगू नये. ते पुस्तकात आहे, आणि तिथे त्याला आकार आहे.

नावाचा निर्णय लेखिकांना जास्त जड जातो. माहेरचं, सासरचं, दोन्ही, की टोपणनाव? कुठलंही चालेल, पण पहिल्या छापील कथेपासून एकच ठेवावं. दोन दिवाळी अंकांत माहेरचं नाव, तिसऱ्यात सासरचं आणि पुस्तकावर दोन्ही असं झालं की ग्रंथालयाच्या तालिकेत एकाच बाईच्या तीन बाया होतात आणि तिच्या जुन्या कथा शोधणाऱ्याला सापडत नाहीत. टोपणनाव घेतलं तर करारात खरं नाव आणि टोपणनाव दोन्ही घालून ती एकच व्यक्ती आहे असं स्पष्ट लिहून घ्यावं. कायद्यातही फरक पडतो. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. टोपणनावामागची ओळख कधीच उघड झाली नाही तर ती ६० वर्षं पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. पस्तिशीत पहिलं पुस्तक काढणाऱ्या बाईसाठी हा फरक कित्येक वर्षांचा होऊ शकतो.

आता पाठराखण. मराठीत तिच्यासाठी एक ठरलेला साचा आहे: ‘स्त्रीमनाच्या तरल आंदोलनांचा वेध घेणारी, नातेसंबंधांचा गुंता हळुवारपणे उलगडणारी संवेदनशील कादंबरी.’ काट्यावरच्या बाईच्या कादंबरीवर हे छापलं तर त्यातला ऊस, थंडी, डिझेलचा वास आणि पावतीपुस्तक सगळं पुसलं गेलं. उलट चूकही होते: पाठराखण लिहिणारा भक्तिभावानं सगळं कथानक सांगून टाकतो, शेवटासकट.

ती अशी लिहिता येते: ‘फेब्रुवारीतल्या एका रात्री काट्यावर सलग अकरा गाड्यांची रिकामी वजनं किलोपर्यंत एकसारखी येतात. खिडकीत बसलेल्या बाईच्या ते लक्षात येतं, आणि तरीही ती पावती फाडते. त्या रात्रीपासून हंगाम संपेपर्यंतचे सत्तावन्न दिवस म्हणजे ही कादंबरी.’

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. माहिती कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातलीच आहे; त्यापलीकडचं मलपृष्ठावर येऊ देऊ नये. ‘तरीही’ हा शब्द बाईचं मन सांगतो, तेवढं पुरे. यानंतर मोकळी जागा उरली तर आतला एखादा चार ओळींचा उतारा छापावा. भाषा कशी आहे हे त्या चार ओळी सांगतात, त्यासाठी ‘ओघवती शैली’ म्हणायची गरज पडत नाही.

पाठराखण कुणाकडून घ्यायची यावर बरीच धावपळ होते. मोठं नाव मिळालं तर आनंदच आहे, पण त्या माणसाला पूर्ण हस्तलिखित निदान सहा आठवडे आधी द्यावं. आठवडाभर आधी दिलं तर तो पहिली तीन प्रकरणं वाचतो आणि उरलेलं अनुभवावर लिहितो. ते लगेच दिसतं, कारण मजकुरात पहिल्या तीन प्रकरणांबाहेरचं एकही माणूस नसतं. अशा सहीपेक्षा संपादकानं लिहिलेला विनासहीचा मजकूर कितीतरी चांगला, कारण त्यानं पुस्तक निदान दोनदा वाचलेलं असतं.

मनोगताबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या कादंबरीला मनोगत नसावं. कथासंग्रहाला पान-दीड पान चालेल, आणि तेही शेवटी. मनोगतात लेखिका कथा समजावून सांगायला लागते, मग वाचक कथेत तेच शोधतो आणि ते सापडलं की वाचणं थांबवतो. शिवाय यात छापखान्याचाही हिशेब आहे. डेमी आकाराच्या पुस्तकाचा एक फॉर्म, म्हणजे एकदम छापून घडी घातला जाणारा कागद, सोळा पानांचा. एका पानात साधारण ३०० शब्द बसतात, म्हणजे ५५,००० शब्दांची कादंबरी १८४ पानांची झाली. शीर्षकपान, हक्कपान, अर्पणपत्रिका वगैरे आठ पानं धरली की १९२, बरोबर बारा फॉर्म. आता त्यात तीन पानांचं मनोगत आलं की तेरावा फॉर्म लागला, निदान अर्धा तरी. शेवटी कोरी पानं राहिली, कागद वाढला, किंमत वाढली. मग संपादक अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटनं खाली आणतो आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

कथासंग्रहात एक पान मात्र हवंच, पूर्वप्रसिद्धीचं: कुठली कथा कुठल्या अंकात, कुठल्या साली. मराठीत नव्या कथालेखिकेची खरी ओळख अजूनही दिवाळी अंकातून होते. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही वाट आहे. तिचे काही साधे नियम आहेत. बहुतेक संपादक मे-जूनपासून साहित्य मागवतात, ऑगस्ट उजाडेपर्यंत अंक भरत आलेला असतो. तीन ते पाच हजार शब्दांची कथा सहज बसते. नऊ हजारांची उत्तम असली तरी पुढच्या वर्षावर जाते. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवावी, पीडीएफ नको, कारण तिच्यावर काम करता येत नाही. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नये. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक कायमचे गमावले. कथा परत आली आणि सोबत दोन ओळींची टीप असली तर ती टीप जपून ठेवावी. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला लांबलचक पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. आता एवढा वेळ देणारा संपादक क्वचित मिळतो, म्हणून ते काम करणारी दोन माणसं स्वतः शोधावी लागतात. त्यातला एक घरचा नसावा.

एका अक्षराकडे जवळून पाहायला सांगते. ‘ऱ्या’. छापखान्यात अजून पुष्कळ काम श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये होतं. युनिकोड मजकूर तिकडे वळवताना, किंवा ई-बुकसाठी तिकडून इकडे आणताना, हा अर्धा र बिघडतो आणि त्याचा रफार होतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं तर निदान डोळ्याला खटकतं. पण दऱ्यांच्या जागी ‘दर्या’ आला, आचाऱ्यांच्या जागी ‘आचार्य’ आले तर मुद्रितशोधकही फसतो, कारण ते शब्द आहेतच. टोळीच्या लग्नात ‘आचार्यांनी भात उतरवला’ असं छापलं गेलं की प्रसंग संपला. रूपांतरानंतर ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि ऑ एवढी अक्षरं शोधखिडकीत टाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावी. कामाला एक दुपार जाते. मलपृष्ठ आणि परिचय तर हमखास राहून जातात, कारण मुखपृष्ठाची फाइल वेगळी असते आणि ती मुद्रितशोधकाकडे जातच नाही. पुस्तक आत निर्दोष आणि मलपृष्ठावर चूक, असं घडतं ते यामुळे.

बोलीचाही प्रश्न येतो. कादंबरीतल्या मुकादमाच्या तोंडी बीडकडची बोली असेल तर ती उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा लेखननियमांतच आहे. नवखी लेखिका बिचकते आणि संवाद प्रमाण करून टाकते, किंवा प्रत्येक शब्द वाकडा करते. एका माणसाच्या बोलीची पाच-सहा रूपं ठरवावीत, कागदावर लिहून मुद्रितशोधकाला द्यावीत. ती यादी नसेल तर तो प्रामाणिकपणे सगळं ‘दुरुस्त’ करतो.

कराराबद्दल थोडक्यात. तो लेखी हवा. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पाचशे प्रतींची आवृत्ती, किंमत ३०० रुपये, मानधन दहा टक्के धरलं तर सगळ्या प्रती विकल्यावर लेखिकेच्या हाती १५,००० येतात. हा आकडा आधीच माहीत असला म्हणजे मन शांत राहतं. प्रकाशक उलट तिच्याकडेच पैसे मागत असेल, तर किती प्रती छापणार, त्या कुठे ठेवणार आणि विकणार कोण, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नये. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकासाठीच. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. पुरस्काराच्या वर्षी १ जानेवारीला वय ३५ च्या आत हवं. उशिरा लिहायला लागलेल्या बायकांना ही अट बाहेर ठेवते, आणि लेकरं मोठी करून लिहायला बसणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. ते मला सलतं.

प्रकाशनाच्या दिवशी तिच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, तीही शेवटी, पाहुण्यांची भाषणं लांबल्यावर. त्यात पुस्तक कसं सुचलं हे सांगू नये, वाचून दाखवावं. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे चार मिनिटांत दीड पान. ज्या उताऱ्याआधी ‘इथे असं झालेलं असतं की’ म्हणून प्रस्तावना करावी लागते तो उतारा घेऊ नये. दोनपेक्षा जास्त माणसं बोलत असतील तर ऐकणाऱ्याला कोण काय म्हणालं ते कळत नाही. ते दीड पान मोठ्या अक्षरात वेगळं छापून न्यावं, कारण मंचावरचा उजेड मागून येतो आणि पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. घरी तीनदा मोठ्यानं वाचून पाहावं. जीभ अडखळते तिथलं वाक्य बहुधा लिहितानाच चुकलेलं असतं, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी तिथे पेन्सिलची खूण करून ठेवावी.

त्यानंतर पुस्तक वाचनालयांत जातं. छापल्या प्रतींतल्या पुष्कळशा तिथेच जातात. दहा-पंधरा जणांनी वाचलं की डिंकानं चिकटवलेली पानं सुटायला लागतात आणि वाचनालय ते बांधणीला देतं. बांधणारा पुठ्ठा घालतो, दोऱ्यानं शिवतो, कडा कापतो. मुखपृष्ठ निघून जातं, फ्लॅप निघून जातो, परिचय, फोटो, पाठराखण, मोठ्या माणसाची सही, सगळं त्याच्यासोबत जातं. कण्यावर कुणीतरी शाईनं नाव लिहितं. आत दाखल क्रमांक, जांभळा शिक्का आणि तारखांची पट्टी.

तालुक्याच्या गावी संध्याकाळी सहाला एखादी बाई कपाटातून असं पुस्तक काढते. कोण लिहिणारी, कुठली, वय काय, यातलं काहीच तिच्यासमोर नाही. ती उभ्या उभ्या पहिलं पान उघडते.

‘गाडी काट्यावर चढली की आधी बैल थांबतात, मग गाडीवान.’